करिया कुठं झोपत होता, मामा?

बिरूमामा, ज्वारी निघाली. कणसं खळ्यावर गेली, कडबा रचून झाला आणि विहिरीकडचं काळं रान मोकळं पडलंय. सासूबाईंनी सकाळपासून दोनदा विचारलं, "बिरू अजून कसा आला नाही गं?" त्यांना सांगितलंय, चारदा सांगितलंय. त्या ऐकतात, डोळे पुसतात आणि तासाभरात विसरतात. मला विसरता येत नाही म्हणून लिहायला बसले. सोलापुरात माहेरी मी चौथीपर्यंत शिकले याचं तुम्हाला लई कौतुक. "अक्का, तुमचं भांडण एकदा कागदावर लिवून ठिवा, म्हंजी दरसाल नव्यानं ऐकाया नको," असं म्हणायचे तुम्ही. घ्या, लिहिते.

भांडण तरी किती, एकच. कुत्रं घरात ठेवावं का बाहेर. दुसरा विषयच नव्हता आपल्याला. लोक लढाईचं बोलत होते, निजामसरकारचं काय होणार ते बोलत होते, आणि आपण दोघं बांधावर उभं राहून कुत्र्यावर वाद घालत होतो. वाशीच्या बाजाराला निघालेली माणसं गाडी थांबवून ऐकायची.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या रानात मेंढरं बसवली ते आमचे मालक गेले त्या वर्षी. त्याआधीही यायचात, पण तेव्हा बोलणं मालकांशी असायचं, मी दारामागं. मालक गेले आणि भाऊबंदांनी तुम्हाला परस्पर सांगून टाकलं की आता बाईचं रान आहे, तिथं मेंढरं नेऊ नका, आमच्यात बसवा. तुम्ही काय केलं? माझ्या दारात येऊन घोंगडी सावरली आणि म्हणालात, "मालक न्हायत म्हून रानानं उपाशी ऱ्हायचं का?" त्याच संध्याकाळी वाघर लावली. काठ्या रोवून भोवती जाळं, आत शेसव्वाशे मेंढरं. आठ-दहा रात्री कळप बसला, लेंडीमुताचं खत रानात मुरलं आणि पुढच्या सुगीला ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेली. भाऊबंद बघत राहिले. मी त्या दिवसापासून तुम्हाला मामा म्हणायला लागले.

तुमचं काम बघताना मी कितीदा चूल विसरले असेन. संध्याकाळी मेंढ्या चरून यायच्या, दिवसभर मागं ठेवलेली कोकरं ओरडायला लागायची, आणि तुम्ही त्या गदारोळात उभे राहून दोन्ही हातांनी एकेक कोकरू उचलून त्याच्या त्याच्या आईपाशी सोडायचात. न बघता. वर बायजामामीशी मिठाचं काहीतरी बोलणंही चालू असायचं. मला तर सगळी कोकरं सारखीच दिसायची. एकदा मी मुद्दाम एक कोकरू उचलून दुसऱ्याच मेंढीपाशी सोडलं, तर तुम्ही पाठमोरे असताना म्हणालात, "अक्का, त्येची आई ती न्हवं." कशावरून कळलं विचारलं तर म्हणे वरडण्यावरून. मी शहाणीसुरती बाई, पण त्या दिवशी मला तुमची भीतीच वाटली.

आणि तुमची भुरी. मी कुत्री बघितली नव्हती असं नाही, पण तसं जनावर बघितलं नव्हतं. तिला कधी हाक मारलेली ऐकली नाही, कधी कुरवाळलेली बघितली नाही. पिल्लाचे डोळे उघडायच्या आधीच तुम्ही त्याला कोकरांत नेऊन ठेवायचात, मेंढीचं दूध पाजायचात. "डोळं उघडल्यावर त्येला म्या दिसाया नको, मेंढरू दिसाया पायजे," म्हणायचात. मला ते निर्दयीपणाचं वाटायचं. मी म्हणायची, बिचारीला एखाद्या दिवशी सोप्यात तरी झोपू द्या. तुमचं ठरलेलं उत्तर, "मानसाचा लळा लागला की कुत्रं मानसाच्या तोंडाकडं बगत बसतंय. लांडगं काय तोंडाकडं बगून येत न्हाय."

त्या गारांच्या दिवशी मी तुमच्यावर किती ओरडले ते आठवतं का? भर दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा सुरू झाल्या. मी सोप्याच्या दारातून हाका मारतेय, मामा आत या, निदान भुरीला तरी आत सोडा, मरेल ती. तुम्ही ढिम्म. डोक्यावर घोंगडी घेऊन वाऱ्याच्या तोंडाला उभे, आणि तुमच्या शेजारी ती. मी तुम्हाला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. गारा थांबल्यावर चिखल तुडवत आले, दोन शिव्या अजून शिल्लक होत्या त्या द्यायला. बघते तर मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून एकगठ्ठा झालेली, कोकरं मधोमध, आणि भुरी वाऱ्याच्या बाजूला कळपाला पाठ लावून बसलेली. कानाजवळ रक्त. एकही कोकरू गेलं नव्हतं. तुमच्या खांद्यावर आवळ्याएवढी टेंगळं. तुम्ही म्हणालात, "तिला आत घेतली अस्ती तर मेंढरं तिच्या मागं आली अस्ती. मावली अस्ती का सोप्यात?" मी हसले, पण हरले म्हटलं नाही. ते माझ्या स्वभावात नाही, तुम्हाला माहीत होतं.

पुढच्या साली परंड्याकडून कोणी मोठे अंमलदार काळविटांच्या शिकारीला आले, ओढ्याकाठी तंबू पडले. त्यांची लांब तंगड्यांची कुत्री तंबूत सतरंजीवर झोपायची, अंगावर झूल. मी तुम्हाला हाताला धरून दाखवायला नेलं. बघा म्हटलं, मोठ्या लोकांना कळत नाही आणि तुम्हालाच कळतं का? तुम्ही बराच वेळ बघितलं. म्हणालात, "देखनी हायती. सायबानं उठीवल्यावर उठत्यात. भुरीला कोन उठवायचं?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी तरातरा घरी निघाले.

मग करिया. त्या साली रानडुकरांनी कडब्याच्या गंजीपर्यंत येऊन धुडगूस घातला होता, आणि घरात आम्ही दोन बायका. तुम्ही भुरीचं काळंभोर पिल्लू आणून माझ्या पदरात टाकलं. माहेरच्या कानडीत मी त्याला करिया, म्हणजे काळ्या, म्हटलं. तुम्ही एकच अट घातलीत, उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. मी हो म्हटलं. शब्द मोडायचा म्हणून मोडला नाही हो मामा. पौषात त्याला थंडी बाधली, नाक गळायला लागलं, रात्रभर कुईकुई. मी म्हटलं दोन दिवस चुलीपाशी राहू दे. सासूबाईंची मडी, म्हणजे सोवळं, काय विचारता, पूजा होईपर्यंत माझ्या पदराचा वारा लागलेला चालायचा नाही त्यांना. त्यांनी आकांडतांडव केलं. तिसऱ्या दिवशी बघते तर त्याच त्याला लिंगपूजेनंतरचं दूध वाटीतून पाजतायत. दोन दिवसांचे दोन महिने झाले. करिया चुलीपुढं झोपायला लागला, आणि दुपारी मी भाकरी थापायला बसले की कुठंही असला तरी येऊन पहिली भाकरी घ्यायला लागला.

फाल्गुनात तुम्ही दारात आलात तेव्हा तो आतून आळस देत बाहेर आला. तुम्ही त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बाळसं चांगलं धरलंय," एवढंच म्हणालात आणि गेलात. दोन दिवस माझ्याकडं ताक प्यायला आला नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी चिडले. बांधावर येऊन तुम्हाला ऐकवलं की माझा करिया त्याच आईच्या पोटचा आहे, भुरीपेक्षा तसूभर कमी नाही, एक दिवस कोकरांवर ठेवून तर बघा. तुम्ही म्हणालात, "नगं अक्का." मी सोडते का? दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी बायजामामी बाजाराला गेल्या होत्या, कोकरांपाशी कोणी नव्हतं, भुरी तुमच्याबरोबर कळपावर लागणार होती. मी करियाला दोरीनं धरून घेऊन आले. तुम्ही "बरं" म्हणालात. का म्हणालात, मामा? तुमच्याएवढं ज्याला कळतं त्यानं नाहीच म्हणायचं असतं. यावर मला तुमच्याशी भांडायचं होतं, ते राहिलंच.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकलं नाही. मी घरी आले, पीठ मळलं, भाकरी थापायला लागले. पहिली तव्यावर टाकते न टाकते तोच करिया दारात. मला कळायला हवं होतं. कोकरं उघडी टाकून आलाय, काठी घेऊन हाकलायला हवं होतं. मी काय केलं, तर म्हटलं बिचारा उन्हाचा आला, भुकेजला असेल. भाकरी घातली. ती खाऊन तो सोप्यात सावलीला पसरला, आणि मी त्याला झोपू दिलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मला त्याची कीव आली, एवढीच गोष्ट.

कोकरांचं ओरडणं माझ्या आधी भुरीनं ऐकलं, आणि ती दोन शेतं पलीकडं होती. मी धावत पोचले तेव्हा दोन लांडगे होते, एक पळून चालला होता. दुसऱ्याला तिनं धरलं होतं आणि त्यानं तिला. तुम्ही काठी घेऊन आलात, तोही पळाला. चार कोकरं गेली. भुरीचा गळा उघडा पडला होता. ती उठली, कोकरांभोवती एक फेरी मारली, सगळी आहेत का बघितल्यासारखी, आणि मग बसली. माझ्या उभ्या आयुष्यात मी देवळात, मठात, कुठंही हात जोडले तेव्हा मन इतकं गप्प झालं नव्हतं. ती दिवस मावळायच्या आत गेली.

तुम्ही मला एकच विचारलंत, "करिया कुठंय?" मी म्हटलं, घरात. मला वाटलं आता हा माणूस माझ्या करियाला मारणार, आणि मारलं तर मी आडवी यायची नाही असं मी मनाशी ठरवलंही. तुम्ही सोप्यात आलात. तो उठून शेपूट हलवायला लागला. तुम्ही, ज्यांनी भुरीला जन्मात कधी कुरवाळलं नाही त्या तुम्ही, खाली बसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवलात. म्हणालात, "ह्येची काय चूक न्हाय. ज्येला त्यो घर म्हंतो तिथंच त्यो आला." माझ्याकडं बघितलंही नाहीत. मला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि तुम्ही मला मारलं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं.

भुरीला तुम्ही माझ्या बांधावर पुरलंत, आपल्या अंगावरच्या घोंगडीत गुंडाळून. मेंढपाळाची घोंगडी म्हणजे त्याचं घर, छत्री, अंथरूण, सगळं. ती मातीत घातलीत आणि उघड्या अंगानं मेंढरांकडं गेलात. निघायच्या दिवशी आलात आणि म्हणालात, "अक्का, करिया मला द्या." मी दिला. का मागताय विचारायची माझी छाती झाली नाही. तो दोरीला ओढ देत, मागं वळून बघत गेला. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

आणि पुढच्या फाल्गुनात काय बघितलं मी! टेकडीवरून तुमचा कळप उतरतोय आणि सगळ्यांच्या पुढं माझा करिया चालतोय. ऐटीत. संध्याकाळी वाघर लागली तसा तो तिच्या तोंडाशी जाऊन बसला, आणि तुम्ही त्याच्याजवळच अंथरूण टाकलंत. मी विचारलं, मामा, हे कसं केलंत? तुम्ही म्हणालात, "शिकला." एक शब्द. मी घरी येऊन रडले. वर्षभर छातीवर बसलेला धोंडा उतरला. गावभर सांगत सुटले की बिरूमामानं बिघडलेलं कुत्रं सुधारलं, असा माणूस पंचक्रोशीत नाही. चार वर्षं सांगितलं.

यंदा माघात तुमचा लेक म्हाकू निरोप घेऊन आला. खोकल्यानं धरलं, आठ दिवसांत गेले म्हणाला. मी बैलगाडी जुंपून तुमच्या वस्तीवर गेले. मेंढरं काट्याच्या कुंपणाच्या वाड्यात होती. वाड्याच्या तोंडाशी एक पिवळं कुत्रं बसलं होतं, भुरीच्याच बसण्यानं. करिया दिसेना. बायजामामीला विचारलं तर त्यांनी छपराच्या आत बोट दाखवलं. तुमच्या अंथरुणाच्या जागी तो झोपला होता.

मामी म्हणाल्या, "अक्का, आता सांगते. त्यो कुत्रा येक दीस बाहिर ऱ्हायला न्हाय. नेला त्या वर्साला रानात इतका वरडायचा, मेंढरं बुजायची. मग ह्येंनीच पालात घेतला. म्या म्हनलं, आयुष्यभर मला शानपन शिकवलं आन् आता कुत्रं घेऊन झोपताय व्हय. तर म्हनले, भुरी अक्काच्या रानात मेली. ह्यो बी कामाचा न्हाय म्हनून कळलं तर त्या बाईच्या जीवाला लागंल." राखायला तुम्ही लगेच दुसरं पिल्लू मेंढरांत वाढवलंत. माझ्या रानात यायचं झालं की त्या पिवळ्याला म्हाकूबरोबर पलीकडच्या ओढ्याला ठेवायचात आणि करियाला दोरीनं पुढं काढायचात, टेकडी उतरताना दोरी सोडायचात. तुम्ही शेजारी निजलात तरच तो वाघरीपाशी थांबायचा, म्हणून आठ-दहा रात्री तुम्ही उघड्या रानात त्याच्याजवळ निजायचात, पालात न जाता. राखण तुम्हीच करायचात. "थंडीवाऱ्याचं म्या लई सांगितलं," मामी म्हणाल्या, "पर अक्काला कळाया नको, ह्ये येकच धरून बसले."

चार वर्षं एक म्हातारा माणूस कुत्र्याच्या शेजारी जमिनीवर झोपतो, कशासाठी, तर एका भांडखोर बाईला आपली चूक आठवू नये म्हणून. ज्या गोष्टीवर आयुष्यभर ठाम राहिलात ती मोडलीत आणि मी जिंकल्याचं मला कळूही दिलं नाहीत. एवढं मन कुठून आणलं होतं तुम्ही, मामा?

मग मामींनी माझा हात धरला. "खरं सांगा अक्का, तुमाला कवा शंका आली न्हाय?" मी म्हटलं, नाही.

खोटं बोलले. तुमच्या बायकोशी, तुमच्याच छपरात उभी राहून. करियाला मी घरी आणलाय, तो आता आत झोपलाय, आणि त्याच्याकडं बघत मी हे तुम्हाला एकट्याला सांगते. मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. त्याचा पाय हातात घेतला होता मी, काटा मोडलाय का बघायला. रानातल्या कुत्र्याच्या पायाला भेगा असतात, त्याचे पाय माझ्या घरातल्यासारखेच मऊ होते, आणि अंगाला चुलीच्या धुराचा वास होता. मी पाय खाली सोडला आणि गप्प बसले. तुम्ही नाटक करत होता तोवर मला "चुकलं" म्हणावं लागत नव्हतं. संध्याकाळी तुम्ही खोकत खोकत त्याच्या शेजारी अंथरूण टाकायचात, मी दारातून बघायची, आणि दार लावून घ्यायची. चुकलं माझं, मामा. एवढे दोन शब्द मी वेळेवर बोलले असते तर तुम्ही पालात निजला असता.